चुकांची घागर

एक होतं शिबिर. तिथे राजा नव्हता, राणी नव्हती, पण प्रधान मात्र भरपूर होते. मे महिना लागला की डोंगरपायथ्याच्या कोंडाळे गावातली शाळा रिकामी व्हायची आणि तिच्या वर्गांमध्ये गावोगावची मुलं आपापल्या वळकट्या घेऊन उतरायची. आठ-नऊ वर्षांची मुलं ती. सकाळी ओढ्यावर जायची, झाडं ओळखायला शिकायची, आपलं ताट आपण घासायची आणि घरची आठवण आली की उशीत तोंड खुपसून रडायची. त्यांचे गट असत. प्रत्येक गटाला एका पक्ष्याचं नाव असे आणि प्रत्येक गटाला एक गटनायक असे. गटनायक म्हणजे नुकतीच कॉलेजात गेलेली मुलं-मुली. लहानांचे ते ताई-दादा.

आणि या सगळ्या ताई-दादांच्या वर होत्या कुमुदताई. शिबिर त्यांनीच सुरू केलं होतं. लहान मुलांना सांभाळायला काय, कुणीही सांभाळेल, असं त्या म्हणत. पण अठरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचं मूल सांभाळायला शिकवणं, हे खरं काम. ते काम आपल्याला जमतं, असं त्यांना वाटे. लोकही तसंच म्हणत. लोक म्हणत राहिले की माणसाला ते खरं वाटू लागतं, त्याला कुमुदताई तरी काय करणार!

शिबिराच्या पहिल्याच वर्षी एका मुलीच्या हातावर गरम पाणी सांडलं होतं. कुणाच्या हातून सांडलं, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. सगळे गटनायक एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. कुमुदताई तेव्हा फार संतापल्या होत्या. त्या संतापातून त्यांनी एक रीत घातली. शाळेच्या अंगणात जांभळाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी त्यांनी एक तांब्याची घागर ठेवली. दिवेलागणीला गटनायकांनी झाडाखाली गोल बसायचं. येताना प्रत्येकानं ओढ्यातला एक खडा आणायचा. मग एकेकानं त्या दिवसाची आपली चूक सांगायची आणि खडा घागरीत टाकायचा. आपली सांगायची, दुसऱ्याची नाही. ऐकणाऱ्यांनी रागवायचं नाही आणि वाहवाही करायची नाही. फक्त एकच प्रश्न विचारायचा: उद्या काय करशील?

किती चांगली रीत! खरंच चांगली. पहिली काही वर्षं ती नीट चाललीही.

मग एका वर्षी एका मुलानं आपली चूक डोळ्यांत पाणी आणून सांगितली. कुमुदताईंना भरून आलं. "वा! याला म्हणतात प्रांजळपणा," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनाही "वा" मिळालं. पुढे पुढे चुकीवर "वा" मिळू लागलं, तसे चुकीवर बोलही मिळू लागले. "उद्या काय करशील?" हा प्रश्न मागे पडला. कुमुदताई तो प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी दर वर्षी न चुकता शिकवत आणि दुसऱ्या दिवसापासून न चुकता विसरत.

त्यात आली काठी. पितळी कडं बसवलेली, तेल पाजलेली बांबूची काठी. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर ती एका गटनायकाच्या हाती दिली जाई आणि तो पुढच्या वर्षीचा मुख्य नायक होई. काठी कुणाला द्यायची हे कुमुदताई ठरवत. त्या काही पक्षपाती नव्हत्या. पण दर वर्षी काठी जाई ती जांभळाखाली छान बोलणाऱ्याकडेच. हे सगळ्या गटनायकांच्या लक्षात आलं होतं. फक्त कुमुदताईंच्या आलं नव्हतं.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी बुलबुल गटाची नायिका होती शलाका. हुशार, चटपटीत, गोड गळ्याची. लहानपणी याच शिबिरात उशीत तोंड खुपसून रडलेली आणि आता वक्तृत्वाच्या ढाली घरात न मावणारी. साळुंखी गटाचा नायक होता दिगंबर. तोही याच शिबिरात वाढलेला. अंगानं आडदांड, बोलण्यात जड. बोलताना वाक्य सापडलं नाही तर मान खाजवणारा.

जांभळाखाली शलाकाची पाळी आली की सगळे सावरून बसत.

"माझी आजची चूक अशी," ती हळू आवाजात म्हणे, "की मी मुलांमध्ये इतकी रमले, इतकी रमले, की स्वतः जेवायचंच विसरले. नायकानं स्वतःलाही जपायला हवं. मी कमी पडले."

घागरीत खडा पडे. खण्ण! "वा!" कुमुदताई म्हणत. "स्वतःकडे इतकं कठोरपणे पाहायला धैर्य लागतं."

आता सांगा, ही काय चूक झाली? जेवायला विसरण्यात कुणाचं काय वाकडं झालं? आणि ती विसरलीही नव्हती. तिच्या ताटात दोनदा आमटी वाढणारी माणसं स्वयंपाकघरात होती. पण जांभळाखाली त्यांना कोण विचारतो!

मग दिगंबरची पाळी येई. "ताई, माझं चुकलं," तो म्हणे आणि मान खाजवी. "दुपारी माझी राखण होती. मी झोपलो. उठलो तर दोन पोरं आंब्यावर चढलेली."

"झोपलास?" कुमुदताईंचा आवाज चढे. "दिगंबर, पडली असती म्हणजे? तुला जबाबदारी कळते का?"

"कळते, ताई."

"कळते म्हणे! कळत असती तर डोळा लागला असता का?"

दुसऱ्या दिवशी दिगंबर झोपत नसे. पण मग दुसरीच एखादी चूक सांगे. एका मुलावर खेकसलो. ओढ्यावर जाताना दोरी न्यायला विसरलो. एकीला ताप होता, ते मला संध्याकाळी कळलं, सकाळी कळायला हवं होतं. खरीखुरी, ओबडधोबड चूक. आणि रोज त्याला बोल बसत. बाकीचे गटनायक खाली बघून ऐकत आणि मनात नोंद करत. आठवडाभरात कुणाची चूक "मी आज पाणी कमी प्यायले" इतकी बारीक झाली, तर कुणाची "मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो" इतकी देखणी. घागर खड्यांनी भरत चालली होती आणि तिच्यात एक दिगंबर सोडला तर कुणाचीच चूक नव्हती.

हे सगळं पडवीतून मुलं बघत. खिचडी होईपर्यंत ती तिथंच ताटं घेऊन बसलेली असत. मोठ्यांना वाटे, मुलं आपल्या नादात आहेत.

शिबिर संपत आलं, तेव्हा डोंगरावरची सहल निघाली. वर कातळात कोरलेलं पाण्याचं जुनं, खोल टाकं होतं. ते बघायचं, करवंदं खायची आणि परत यायचं. कुमुदताईंचे गुडघे दुखत, म्हणून त्या खाली शाळेत थांबल्या. येणाऱ्यांसाठी त्यांनी ताक करून ठेवलं. एकेक गट गाणी म्हणत उतरला. बुलबुल सगळ्यांत आधी आले. साळुंखी मात्र येईनात. उन्हं कलली तरी येईनात. कुमुदताई फाटकाशी येरझाऱ्या घालू लागल्या. शेवटी शाळेच्या मागच्या वाटेनं दिगंबरचा गट आला. दिगंबर घामानं निथळत होता आणि त्याचा सदरा पाठीवर चुरगळून मळला होता.

"कुठे होतात?" कुमुदताईंनी विचारलं.

"ताई, वाटेत थांबलो होतो," दिगंबर म्हणाला. "सांगतो जांभळाखालच्या फेरीत. म्हणजे, आधी शलाका सांगेल."

काय हे उत्तर! कुमुदताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला उशीर झाला आणि सांगणार शलाका?

त्या संध्याकाळी जांभळाखाली शलाकाची पाळी आधी आली. तिचा चेहरा थोडा उतरलेला होता. दिगंबर तिच्याकडे टक लावून बघत होता. शलाकानं घसा साफ केला.

"माझी आजची चूक अशी," ती म्हणाली, "की डोंगरावर मावळतीचा रंग बघताना मला इतकं भरून आलं, की मी मुलांना तो दाखवायचंच विसरले. आनंद वाटून घ्यायला मी अजून शिकले नाही."

खण्ण! "वा!" कुमुदताई म्हणाल्या. बुलबुल उन्हं कलायच्या आधीच खाली उतरले होते. मावळतीचा रंग त्यांनी डोंगरावर कुठून बघितला असेल? एवढा साधा प्रश्न कुमुदताईंना पडला नाही. गोड बोलणं ऐकताना माणूस घड्याळाकडे बघत नाही.

दिगंबर अर्धवट उठला. "ताई, शलाकाच्या गटातला..."

"दिगंबर!"

"ताई, पण..."

"दुसऱ्याच्या चुका सांगायला ही फेरी नाही. पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? आपली सांग."

दिगंबर खाली बसला. त्यानं मान खाजवली. बराच वेळ त्याला वाक्य सापडेना. "माझी चूक... आम्ही उशिरा आलो. तुम्हाला काळजी लागली."

"पुन्हा उशीर! रोज काहीतरी असतंच तुझं. आणि वर दुसऱ्याकडे बोट. ते मला या झाडाखाली मुळीच चालणार नाही." कुमुदताईंना पहिल्या वर्षीची ती भाजलेली मुलगी आठवत होती आणि ती बोटं आठवत होती. "उद्या संध्याकाळच्या एस.टी.नं तू घरी जा. तुझे साळुंखी मी शलाकाकडे देते."

दिगंबरनं खडा घागरीत टाकला आणि तो उठून आपल्या मुलांना खिचडी वाढायला गेला.

त्याच रात्रीच्या जेवणात कुमुदताईंना आणखी एक गोष्ट दिसली. बुलबुल गटातल्या नचिकेतनं ताटाला हात लावला नव्हता. आठ वर्षांचा, एरवी अखंड बडबडणारा मुलगा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओढ्यावर यायला तयार होईना. चालताना पाय ओढत होता.

"घरची आठवण येतेय त्याला," शलाका म्हणाली. "मी बघते, ताई."

"तू आहेस म्हणून निश्चिंत आहे बाई मी," कुमुदताई म्हणाल्या आणि खरोखरच निश्चिंत झाल्या.

दुपारची वामकुक्षीची वेळ होती. दिगंबरची वळकटी बांधून पडवीत ठेवलेली होती. कुमुदताई हात धुवायला शाळेमागच्या पाण्याच्या टाकीकडे निघाल्या, तर टाकीच्या सावलीत काही मुलं न झोपता खेळत बसली होती. मध्ये एक फुटकं टमरेल होतं. प्रत्येकाच्या मुठीत चिंचोके होते. एका मुलीनं पंच्याचा पदर घेतला होता आणि बोटांचा चष्मा करून डोळ्यांना लावला होता. कुमुदताईंना हसू आलं. ती कुमुदताई झाली होती! त्या टाकीच्या कोपऱ्याआड थांबून बघू लागल्या.

"हं, तू शलाकाताई हो," पदरवाली म्हणाली.

एका मुलीनं डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. "माझी चूक अशी की मी फारच चांगली आहे."

"वा! वा! किती प्रांजळ!" पदरवाली म्हणाली. टमरेलात चिंचोका पडला. सगळी मुलं खदखदून हसली.

कुमुदताईंचं हसू मावळलं.

"आता तू दिगूदादा."

एका मुलानं मान खाजवली. "ताई, माझं चुकलं. दोरी विसरलो."

"विसरलास? तुला जबाबदारी कळते का? रोज काहीतरी असतंच तुझं!" पदरवालीनं हुबेहूब आवाज काढला होता. वाक्याच्या शेवटी कुमुदताई श्वास कसा ओढून घेत, तोसुद्धा तिनं बरोबर उचलला होता. "जा, एस.टी.त बस!"

पुन्हा सगळी हसली. कुमुदताईंचे कान तापले. आपण अशा दिसतो? पोरं आपल्याला असं बघतात?

"आता नचिकेत. तू तूच हो."

नचिकेत एका बाजूला पाय पसरून बसला होता. तो हसत नव्हता. "माझी चूक ही," तो म्हणाला, "की माझ्या पायात काटा गेला."

"ही काय चूक आहे?"

"ऐक ना. डोंगरावर काटा गेला, म्हणून मी जाळीमागे खाली बसलो. शलाकाताईनं विचारलं, सगळे आले का? सगळे म्हणाले, हो. मग सगळे गेले. मी उठलो तर कुणीच नव्हतं. मला वाटलं, सगळे परत टाक्यावर गेले. म्हणून मी टाक्यावर गेलो. तिथं कडेला बसून ओरडलो. खूप ओरडलो. मग दिगूदादा आला आणि त्यानं मला पाठीवर घेतलं." नचिकेतनं मुठीतला चिंचोका टमरेलात टाकला. मग आणखी एक टाकला.

"दोन का?"

"शलाकाताईनं सांगितलंय, हे आपलं गुपित. कुणाला सांगितलं तर तिला घरी पाठवतील. माझ्यामुळे. आणि मी आत्ता सांगितलं. ती पण माझीच चूक."

पदरवालीला काय करावं कळेना. तिनं जे रोज ऐकलं होतं, तेच केलं. बोटांचा चष्मा सारखा करून ती म्हणाली, "नचिकेत! तुला जबाबदारी कळते का?"

नचिकेतनं मान खाली घातली. "कळते," तो म्हणाला.

कुमुदताई कोपऱ्याआडून बाहेर आल्या. मुलं दचकून उठली. नचिकेत उठू शकला नाही. कुमुदताईंनी त्याचा पाय मांडीवर घेतला. टाच सुजून लाल झाली होती. काटा अजून आतच होता. कालपासून आत होता! काढणार कोण? काटा दाखवला असता तर कुठे गेला, कधी गेला, हे सांगावं लागलं असतं. म्हणून ते एवढंसं पोर त्यावर पाय टेकवून चालत राहिलं होतं. कुमुदताईंनी सुई आणवली आणि स्वतः काटा काढला. नचिकेत ओरडला नाही. नुसता विचारत राहिला, "शलाकाताईला पाठवणार का? शलाकाताईला पाठवणार का?"

"चूक तुझी नाही, राजा," कुमुदताई म्हणाल्या. "एकही खडा तुझा नाही." त्यांनी टमरेलातले त्याचे दोन्ही चिंचोके काढून दूर भिरकावले.

मग त्या निघाल्या. गुडघे दुखायचे विसरून निघाल्या. दिगंबर हापशावर आपल्या गटाच्या पाण्याच्या बाटल्या भरत होता.

"नचिकेत टाक्याच्या कडेला सापडला, हे तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो, ताई. शलाका म्हणाली होती, माझी चूक आहे, मीच सांगते. तिचा खडा तिनंच टाकायचा, म्हणून मी थांबलो. तिनं नाही सांगितलं, तेव्हा मी उठलो. तुम्ही म्हणालात, आपली सांग."

"मग माझ्यावर ओरडायचं होतंस! नंतर येऊन सांगायचं होतंस! मुलाचा जीव मोठा की माझी रीत मोठी?"

दिगंबरनं मान खाजवली. "मुलाचा जीव, ताई. तिथं माझं चुकलंच. तुम्ही घरी जा म्हणालात आणि मला रडू आलं. मग मी काहीच केलं नाही."

इतकं होऊनही तो आपलीच चूक सांगत होता. कुमुदताईंना त्याच्याकडे बघवेना. त्या तिथून ताडताड पडवीत गेल्या. शलाका समारोपासाठी तोरण ओवत होती.

"सगळे आले का, असं विचारून मुलं मोजतात?" कुमुदताई गरजल्या. "जो आलाच नाही, तो कसा ओरडून सांगणार की मी आलो नाही? नाव घेऊन मोजायचं शिकवलं होतं ना? कधी कळलं तुला?"

शलाकाच्या हातातली सुई थांबली. "ताकाचा एक पेला उरला तेव्हा. मी धावत निघालेच होते, ताई. मागच्या वाटेवर दिगंबर भेटला, त्याला पाठीवर घेऊन."

"आणि मग आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडाला कुलूप लावलंस! चूक तुझी, आणि ओझं त्याच्या डोक्यावर! काटा पायात घेऊन चालला तो, तुला वाचवायला. लाज नाही वाटली? मावळतीचे रंग सांगत बसलीस मला!"

शलाका रडू लागली. हे रडणं जांभळाखालच्यासारखं नव्हतं. नाक गळत होतं आणि आवाज फाटला होता. "वाटली," ती म्हणाली. "रात्रभर वाटली. मी सांगणार होते. खडा हातात घेतला होता. पण ताई, तुम्ही मला काय म्हणाला असतात?"

"काय म्हणाले असते?"

"दिगंबर रोज खरं सांगतो. त्याला तुम्ही रोज काय म्हणता, ते मी ऐकत होते. मी काहीतरी सुंदर सांगते, तर मला वा म्हणता. खरं सांगून एस.टी.त बसायचं, की सुंदर सांगून काठी घ्यायची? आम्ही सगळे तुमच्याकडूनच शिकलो ना?"

उद्धट उत्तर! कुमुदताईंचा हात शिवशिवला. चूक करून वर तोंड करून बोलते! पण उत्तर उद्धट असलं तरी खोटं नव्हतं. पंच्याचा पदर घेतलेली ती मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पहिल्या वर्षी चूक लपवणाऱ्यांवर त्या संतापल्या होत्या. आणि इतकी वर्षं दर संध्याकाळी त्यांनी स्वतःच, वाहवा करून करून, चूक लपवायची शाळा चालवली होती. तिथली सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी समोर बसून रडत होती. आता रागवायचं तर कुणावर?

"तुझा अपराध कमी होत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण त्यात माझा वाटा आहे."

त्यांनी नचिकेतच्या आईबाबांना फोन केला आणि जे घडलं ते पाणी न घालता सांगितलं. पलीकडून जे ऐकावं लागलं, ते मुकाट्यानं ऐकलं. मग त्यांनी पडवीतली दिगंबरची वळकटी स्वतः उचलून साळुंखींच्या खोलीत नेऊन ठेवली.

दिवेलागणीला जांभळाखाली सगळे बसले. कुमुदताईंनी पडवीतल्या मुलांनाही बोलावून गोलात बसवलं. "तुम्ही ऐकताच आहात," त्या म्हणाल्या, "तर समोर बसून ऐका." मग त्यांनी मूठ उघडली. मुठीत ओढ्यातला खडा होता. गटनायक एकमेकांकडे बघू लागले. कुमुदताईंनी इतक्या वर्षांत त्या घागरीत एकही खडा टाकलेला नव्हता.

"माझी चूक," त्या म्हणाल्या. "काल दिगंबर एका मुलाबद्दल सांगायला उठला. मी त्याला गप्प केलं. कारण त्याचं बोलणं मला आवडत नाही आणि शलाकाचं आवडतं. त्या मुलाला काही झालं असतं, तर त्याला मी जबाबदार असते."

खडा पडला. कुणी "वा" म्हणालं नाही. मुलांपैकीही कुणी हसलं नाही. कुमुदताई वाट बघत बसल्या. कशाची, ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. आपणच घातलेली रीत त्या विसरल्या होत्या.

दिगंबरनं मान खाजवली. त्याला वाक्य सापडलं.

"ताई," तो म्हणाला, "उद्या काय कराल?"

कुमुदताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी चटकन पुसून टाकलं, कारण या झाडाखाली पाण्याची किंमत काय करून ठेवली आहे, हे त्यांना आता कळलं होतं.

"उद्यापासून ऐकेन," त्या म्हणाल्या. "मध्ये बोलणार नाही. आणि रोज पहिला खडा माझा."

मग शलाका उठली. तिनं डोळे मिटले नाहीत, छातीवर हात ठेवला नाही. "मी मोजलं नाही. नचिकेत मागे राहिला. मी त्याला गप्प बसायला लावलं." तिनं खडा घागरीत टाकला.

"उद्या काय करशील?" कुमुदताईंनी विचारलं.

"उद्या नाव घेऊन मोजेन. एकेकाचं."

"मोजशील. पण गट तुझ्याकडे राहणार नाही. बुलबुलही दिगंबरकडे जातील. तू त्याच्या हाताखाली, ओळीत सगळ्यांच्या मागून चालशील. नचिकेतच्या आईबाबांना तोंड द्यायलाही तूच माझ्या शेजारी उभी राहशील."

"हो, ताई," शलाका म्हणाली. ती घरी गेली नाही. राहिली आणि मागून चालली. सोपं नव्हतं ते.

त्या वर्षी काठी कुणालाच मिळाली नाही. समारोपाला पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा कुमुदताई म्हणाल्या की ती स्वयंपाकघरात दिली आहे, माकडं हाकलायला. तिथं तिचा खरोखर उपयोग झाला.

परतीच्या दिवशी मुलं एस.टी.त चढत होती. दिगंबर दाराशी उभा राहून एकेकाचं नाव घेत होता. नाव घेतलं की त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवी, मगच पुढचं नाव घेई. ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवत होता. कुमुदताई खिडकीखाली उभ्या होत्या आणि ओळीच्या अगदी शेवटी शलाका उभी होती.

"नचिकेत," दिगंबर म्हणाला.

उत्तर आलं नाही. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न वाजवला. दिगंबर हलला नाही. शलाका मागे वळली आणि धावली. ती परतली ती नचिकेतचा हात धरूनच. तो जांभळाखाली गेला होता. घागर पालथी करून त्यातले सगळे खडे त्यानं ओतून टाकले होते.

"पुढच्या वर्षी खरे भरायचे ना," तो म्हणाला आणि एस.टी.त चढला.

तात्पर्य: जिथे खऱ्या चुकीला बोल आणि सजवलेल्या चुकीला शाबासकी मिळते, तिथे चुका थांबत नाहीत, लपतात; आणि मोठ्यांनी लपवलेली चूक नेहमी सगळ्यांत लहानाला भोगावी लागते.